सासूची रुंदी

सासू अडली ती नेमकी तपासनिसाच्या दारात. ठक्क असा एक कोरडा आवाज झाला, चौकट मागेपुढे हलली आणि उभी राहिली. मागून ढकलणाऱ्या मदतनीस लंबूने सवयीने आणखी एक रेटा दिला, पुन्हा ठक्क झालं, आणि मग गल्लीतल्या खिडक्यांमधून जी डोकी नुसती गंमत म्हणून बाहेर आली होती ती जरा आणखी बाहेर आली. तपासनीस पुढे चालत होता. त्याने मागे वळून पाहिलं आणि तो जागीच थांबला, कारण चौकटीची डावी फळी ज्याला जाऊन भिडली होती तो सिमेंटचा उतार त्याने स्वतःच्या हाताने घातलेला होता.

ही चौकट म्हणजे बंबखान्याची मोठी जुनी वस्तू. लाकडाच्या दोन उभ्या फळ्या, वर-खाली त्यांना धरून ठेवणारे आडवे दांडे, आणि तळाशी दवाखान्यातल्या मोडीत निघालेल्या ढकलगाडीची चाकं. आग विझवणारा बंब दोन्हीकडच्या आरशांसकट जेवढा रुंद, तेवढी ती रुंद. वर्षातून एकदा तिला शहरातल्या सगळ्या गल्लीबोळांतून ढकलत न्यायचं. ती गेली तर बंब जाईल, ती अडली तर बंब अडेल, इतका साधा हिशेब. खरा बंब प्रत्येक बोळात घालून बघणं कुणालाच परवडणारं नव्हतं. तो एकदा आत फसला की अर्ध्या शहराने आपापली आग आपणच विझवायची. चौकट ज्या घरावरून जाईल तिथे काही ना काही खोट काढायचीच, कुठे पायरी पुढे आलेली, कुठे ओटा, कुठे जाळी, म्हणून बंबखान्यातल्या कुणा जुन्या खोडकराने तिचं नाव सासू ठेवलं आणि ते चिकटलं. सासू आली की गल्लीतली माणसं कुंड्या उचलायची, सायकली आत घ्यायची, आणि ती कोपऱ्यावरून वळली की सगळं पुन्हा जागच्या जागी मांडायची. सासू गेली की गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर पांढरा गोल काढायचा. अडली तर लाल फुली. फुली पडली की पुढे आलेलं बांधकाम महिन्याभरात पाडायचं, आणि ते पडेपर्यंत त्या गल्लीत कुणाला नवा मजला चढवायची परवानगी नाही. शहरात माणसं तर रोज येत होती आणि येणाऱ्यांना राहायला वर आकाशाकडेच जागा उरली होती, म्हणून लोक देवाच्या करत नसतील इतक्या त्या पांढऱ्या गोलाच्या विनवण्या करत.

"साहेब," लंबू हळूच म्हणाला, "उतारच आडवा येतोय."

"दिसतंय मला."

"चार बोटं फक्त. तिरकी करून काढू का?"

"तिरकी करून बंब निघतो का?" तपासनीस खेकसला, आणि खेकसल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे वाक्य आपण आजवर लोकांना शेकडो वेळा ऐकवलेलं आहे. समोरच्या घरातला शिंपी उंबऱ्यावर येऊन उभा होता. गळ्यात नेहमीची टेप, दोन बोटांत सुई. शिंप्याच्या भिंतीवरून सांडपाण्याचे जाड नळ खाली उतरले होते. वरच्या नव्या बिऱ्हाडांचे. डावीकडे उतार आणि उजवीकडे ते नळ, यांच्यामध्ये सासू दातात अडकलेल्या काडीसारखी उभी होती. शिंपी नुसता बघत राहिला. तो बोलला असता तर बरं झालं असतं. मग तपासनीस खाली वाकला, चौकटीचं एक चाक हातात धरून त्याने उगाच हलवून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चाक धरलंय हिचं. एका बाजूला ओढतेय. मागे घे रे, दुरुस्त करून आणू." लंबूने एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा साहेबाकडे, आणि मुकाट्याने चौकट मागे घेतली. चाक अगदी छान फिरत होतं.

त्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको दारातच खुर्चीवर बसलेली होती, मांडीवर शाल, हात चाकांवर. उताराच्या कडेला जिथे सासूची फळी लागली होती तिथे लाल रंगाचा ओरखडा उठला होता. तिने तो पाहिला असणारच. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. पाय गेल्यापासून तर तिचे डोळे, कान आणि नाक यांनी पायांचंही काम वाटून घेतल्यासारखं झालं होतं. "अहो, जिन्याखाली पुन्हा तो वास येतोय," ती म्हणाली. "वायर तापल्यासारखा." जिन्याखाली मीटरच्या पेट्या होत्या. तो इथे राहायला आला तेव्हा दोन होत्या, आता भिंतभर होत्या, आणि प्रत्येक नव्या मजल्यागणिक वायरमन येऊन जुन्या वायरींच्या गुंत्यात आणखी चार वायरी कोंबून जाई. त्याने जिन्याखाली जाऊन वास घेतला. त्याला ओल, धूळ आणि कुणाच्या तरी चपलांचा वास आला. "काही नाही गं," तो म्हणाला, "वरच्यांचं काहीतरी करपलं असेल." ती हसली. "आगीच्या खात्यात जन्म गेला आणि नाक मात्र माझं चालतंय."

गल्ली कुणी आखली नव्हती. घरं बांधून जे उरलं ती गल्ली. तो लग्न करून इथे आला तेव्हा घरं बुटकी होती, पलीकडचं टोक मोकळ्या माळावर उघडत होतं आणि दुपारी वारा या टोकाने शिरून त्या टोकाने बाहेर जाई. वाळत घातलेले कपडे त्या वाऱ्यावर आडवे होत. मग माळावर नकाशातल्या सरळ रेषा उतरल्या, त्या रेषांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या एका इमारतीची पाठ गल्लीच्या त्या टोकावर बूच मारल्यासारखी येऊन बसली. वारा गेला. मग बुटक्या घरांवर मजले चढले, मजल्यांना सज्जे फुटले, सज्ज्यांना जाळ्या, जाळ्यांना पत्रे. एकेका बदलाच्या वेळी कुणालाच काही वाटलं नाही, तपासनिसालाही नाही. एकदा सकाळी दाढी करताना आरशात अंधार दिसला, त्याला वाटलं ढग आले, तर समोर शिंप्याचा तिसरा मजला उभा राहिला होता. तेव्हापासून घरात दिवसाही दिवा लावायची सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते याचा त्याला पूर्वी अभिमान वाटे, अलीकडे भीती वाटायला लागली होती.

बायकोचे पाय एकदम गेले नाहीत. आधी चप्पल निसटायला लागली, मग पायरी चुकायला लागली, मग काठी, मग खुर्ची. डॉक्टरांनी शिरांचा काहीतरी आजार सांगितला आणि औषधांपेक्षा धीरच जास्त दिला. खुर्ची आली तेव्हा दारातल्या तीन पायऱ्या एकदम डोंगराएवढ्या झाल्या. पहिले काही महिने तो आणि वरच्या मजल्यावरचा एक पोरगेला भाडेकरू मिळून तिला खुर्चीसकट उचलून खाली आणत. ती लाजेने डोळे मिटून घेई, सामान हलवताना कपाटाने डोळे मिटावेत तशी. मग भाडेकरू सोडून गेला. ती महिना-दीड महिना घरातच होती. त्या काळात ती चांगली वागत होती, हेच फार वाईट होतं. रडत नव्हती, चिडत नव्हती, फक्त दुपारी कधीही डोकावलं तर दाराकडे तोंड करून बसलेली असे. तेव्हा त्याने सुट्टीत सिमेंट आणलं, वाळू आणली आणि उतार घातला. आपण कुठल्या खात्यात आहोत हे तो विसरला होता असं नव्हे. त्याने डोळ्यांनी अंदाज घेतला होता, गेल्या तपासणीला सासू इथून हातभर जागा सोडून गेली होती हे त्याला पक्कं आठवत होतं, उतार घातल्यावरही चार बोटं उरतील असं तो धरून चालला होता. ज्या दिवशी सिमेंट वाळलं त्या दिवशी ती एकटी, कुणाचाही हात न धरता, सरसर खाली आली आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबली. तिथे एक बाक आहे, एक भाजीवाली बसते आणि वर आकाशाचा एक चांगला रुंद तुकडा दिसतो. ती तासभर बसली, भाजीवालीशी भांडली, नको असलेली भाजी घेऊन परत आली आणि म्हणाली, "अहो, बाहेर केवढं आहे सगळं!" त्या वाक्यासाठी त्याने आणखी दहा उतार घातले असते.

आणि शिंप्याचा बाप? तो विचार त्याने कितीही बाजूला सारला तरी सासूसारखा पुन्हा समोर येऊन उभाच राहत होता. काही वर्षांपूर्वी शिंप्याच्या दारातल्या पायरीला सासू अशीच लागली होती. तपासनिसाने फुली काढली होती, पायरी पाडायला लावली होती, त्या वेळी "माझ्या सख्ख्या भावाची असती तरी तोडली असती" असंही वर म्हणाला होता. पायरी गेली. शिंप्याचा म्हातारा बाप त्यानंतर दारात पाय लोंबकळत सोडून बसायचा, उंच खुर्चीवर बसवलेल्या मुलासारखा. खाली उतरणं त्याला जमत नव्हतं. येताजाता तो तपासनिसाला हात करी, आणि तपासनीसही हात करी, आणि दोघांच्याही मनात काही किल्मिष नव्हतं. म्हातारा एका उन्हाळ्यात गेला. तेव्हा गल्लीत सगळे म्हणाले, वय झालं होतं. झालंच होतं.

त्याने बायकोला सांगितलं. सांगणार नव्हता, पण जेवताना ती म्हणाली, "चाक खरंच धरलं होतं का हो?" आणि तिच्याशी खोटं बोलणं त्याला कधीच साधलं नव्हतं. ऐकून घेऊन तिने हातातला घास तसाच धरून ठेवला, मग खाल्ला. "मोडा की मग," ती म्हणाली. "त्यात काय एवढं? सगळ्या गल्लीला गाडी यायला हवी. उद्या काही झालं तर लोक तोंडात शेण घालतील आपल्या." तिने हे इतक्या सहज म्हटलं की त्याचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला तेव्हा दार बंद होतं. ती आत होती, खिडकीपाशी नाही, पलंगाच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून. बरं वाटत नाही का, त्याने विचारलं. बरं वाटतंय, ती म्हणाली. मग बाहेर का नाही गेलीस? "सवय करतेय," ती म्हणाली, आणि हसली. तिसऱ्या दिवशीही ती सवय करत होती. भाजीवालीने निरोप पाठवला, बाईसाहेब रुसल्या का म्हणून.

बंबखान्याला आठवड्याची सुट्टी नसते, पण सुट्टीच्या दुपारी तिथे शांतता असते. माणसं वरच्या खोलीत पत्ते कुटत असतात, खाली बंब आपल्या जागी चकचकीत उभा असतो, आणि मागच्या शेडमध्ये जुने नळ, फाटके बूट आणि भिंतीला टेकलेली सासू. तपासनिसाने घरून रंधा आणला होता. तो पिशवीतून काढताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं आणि त्याला स्वतःचाच राग आला, कारण चोरी करण्याइतकीसुद्धा ही गोष्ट मोठी नव्हती. डावी फळी दोन बोटं, उजवी फळी दोन बोटं. वरून नवा रंग. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. चार बोटांनी काय होतं, बंबाचा चालक मन लावून चालवेल तर चार बोटं कुठूनही काढेल, हे त्याने मनाशी इतक्या वेळा घोकलं होतं की आता ते खात्याच्या नियमासारखं वाटायला लागलं होतं. त्याने चौकट आडवी पाडली, गुडघा टेकला आणि रंधा मारला. लाल रंगाची एक लांब साल निघाली. तिच्याखाली पिवळा रंग होता, पिवळ्याखाली पुन्हा लाल. दर वर्षी तपासणीआधी सासूला नटवायची पद्धतच होती. दुसरा हात मारला, तिसरा मारला, आणि किर्र असा आवाज होऊन रंधा अडकला.

पात्याखाली स्क्रूचं डोकं होतं. तो बघतच राहिला. हा स्क्रू इथे असायला नको होता. नोकरीला लागला त्या पहिल्या वर्षी, लंबूच्या जागी तोच सासूला ढकलत असे, आणि तेव्हा या फळ्या मनगटाएवढ्या जाड होत्या, हे त्याच्या तळव्यांना अजून आठवत होतं. स्क्रू लाकडात बोटभर खोल बसवलेले होते, वरून पुट्टी भरलेली. आता ते रंगाच्या पापुद्र्याखालीच होते. त्याने हाताने फळी चाचपली. ती त्याच्या अंगठ्याएवढी जाड होती. मग तो वरच्या आडव्या दांड्याकडे वळला, नखाने रंग खरवडला. फळी जिथे दांड्यात बसली होती त्या खाचेच्या बाहेरच्या अंगाला आणखी एक जुनी खाच होती, लाकडाचा तुकडा ठोकून बुजवलेली. तिच्याही बाहेर आणखी एक, त्याहून जुनी. दांड्याचं टोक प्रत्येक वेळी कापून सारखं केलेलं होतं आणि काम करणाऱ्यांचे हात वेगवेगळे होते. एकाने नीटनेटकं केलं होतं, एकाने घाईघाईने.

मग तो उठला, सासूला उभं केलं आणि ढकलत पुढच्या बाजूला, बंबापाशी नेलं. इतक्या वर्षांत सासूला बंबाशेजारी कधी कुणी उभं केलेलं त्याने पाहिलं नव्हतं. कशाला करतील? बंब तो बंब, सासू ती सासू. दोघांवरही सगळ्यांचा विश्वास. त्याने चौकट बंबाच्या नाकासमोर आणून मधोमध धरली. चौकटीच्या डाव्या फळीबाहेर बंबाचा अख्खा आरसा दिसत होता. उजव्या फळीबाहेर दुसरा. दोन्ही आरशांत तपासनीस दिसत होता, मधल्या चौकटीत नुसताच बंबाचा लोखंडी जबडा.

पहिल्यांदा त्याला मोठे साहेब आठवले. त्याच्या आधीचे तपासनीस, ज्यांनी त्याला काम शिकवलं, त्याच्या लग्नात स्वतः पंगतीत वाढलं. तपासणीच्या आधी सासूला रंग द्यायचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. "तुम्ही पोरं रंग सांडता," म्हणत, आणि शेडचं दार आतून ओढून घेत. एकदा चहा पिता पिता ते म्हणाले होते, "शहर वाढतंय बाबा. बाकावर आणखी एक माणूस बसायला आला की आपण जरा आवरून बसतोच की नाही? तसंच आहे हे." त्याला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. मोठ्या साहेबांच्या मुलाचं घर जुन्या बाजारामागच्या बोळात होतं, तिथे मजल्यावर मजले चढले होते आणि कोपऱ्यावर दर वर्षी ताजा पांढरा गोल होता. पण मोठ्या साहेबांच्याही आधीची खाच होतीच. त्यांच्या आधीच्या कुणाचा तरी असाच एक बोळ असणार, त्या बोळात कुणीतरी असणार ज्याचं दार बंद होणं त्या माणसाला सोसलं नसेल. कुणीही शहराचं वाईट चिंतलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्यापुरती चार बोटं घेतली होती.

मग ती आग आठवली, जी आठवायची नाही असं त्याने ठरवलं होतं. गिरणीच्या मागची गल्ली. तोंडाशी पांढरा गोल. बंब घंटा वाजवत आला आणि गल्लीच्या तोंडाशी दोन भिंतींमध्ये जाऊन बसला, पुढे जाईना, मागे येईना. माणसांनी बंबाचे नळ खांद्यावर घेऊन धावायला सुरुवात केली, पण नळ पुरले नाहीत. वर खिडकीत एक बाई उभी होती आणि ती ओरडत नव्हती, हाताने खुणा करत होती, इकडून या, इकडून या, पाहुण्यांना घर दाखवावं तसं. नंतर सगळ्यांनी कडेला लावलेल्या दुचाक्यांना शिव्या घातल्या. तपासनिसानेही घातल्या. चौकशीत त्याने ठामपणे सांगितलं होतं की गल्लीची रुंदी पुरेशी आहे, सासू तिथून दोन महिन्यांपूर्वीच बिनदिक्कत गेली होती. ते त्याने खरं सांगितलं होतं. रस्त्यावर उभ्या असलेल्या दुचाक्या किती होत्या? त्याने आठवून पाहिलं. त्याला एकही आठवेना.

वरून पत्ते आपटल्याचा आणि हसण्याचा आवाज आला. आता वर जावं, सगळ्यांना खाली बोलवावं, चौकट बंबासमोर धरून दाखवावी. मग काय होईल? मग शहरातले सगळे गोल खोटे. सगळ्या गल्ल्यांवर फुल्या. ज्या मजल्यांवर आज माणसं झोपतात, कपडे वाळत घालतात, पोरांना दूध पाजतात, ते सगळे मजले एका दुपारीत बेकायदा. ते पाडणार कोण, आणि ती माणसं जाणार कुठे? आणि उतार तर मोडावा लागणारच; उताराबरोबर आणखी काय काय, त्याला कल्पना करवेना. त्याने दुसरीकडूनही विचार करून पाहिला. त्याच्या गल्लीतून बंब आज जात नव्हता, गेल्या वर्षी जात नव्हता, त्याने उतार घातला नसता तरी जात नव्हता. शिंप्याची पायरी तोडली तेव्हाही जात नव्हता. म्हणजे तो म्हातारा एवढी वर्षं दारात पाय लोंबकळत बसला तो कशासाठी? म्हणजे उतार मोडून बायकोला भिंतीकडे तोंड करून बसवायचं, आणि तरीही बंब यायचा नाहीच. हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं. ज्या गोष्टीने अंगावर काटा यायला हवा होता तिनेच त्याला मोकळं केलं. हे काहीतरी भयंकर आहे हे त्याला कळत होतं, पण कळण्याने हात थांबत नव्हते. त्याने सासूला शेडमध्ये परत नेलं. पेचकस घेऊन एकेक स्क्रू आणखी खोल पिळला. वरचा दांडा सोडवला, करवतीने टोक उतरवलं, नवी खाच पाडली, जुनी बुजवली. काम नीटनेटकं केलं. फळ्यांवर रंधा फिरवला, ढलप्या गोळा करून पिशवीत भरल्या आणि लाल रंगाचा डबा उघडला. रंग देताना त्याच्या लक्षात आलं की त्याने शेडचं दार आतून ओढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सासू पुन्हा गल्लीत आली. आभाळ भरून आल्यासारखं होतं, तसं गल्लीत नेहमीच वाटतं. लंबूने ढकलायला सुरुवात केली, चाकं कुरकुरली, खिडक्यांतून डोकी आली, कुंड्या उचलल्या गेल्या. चौकट उतार केसभर सोडून, नळ केसभर सोडून, लोण्यातून सुरी जावी तशी गेली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "चाकच होतं की हो साहेब," लंबू मोठ्याने म्हणाला, आणि तपासनिसाकडे बघायचं त्याने टाळलं. तेवढ्यात शिंपी उंबऱ्यावरून खाली उतरला. पायरी नसल्यामुळे त्याला उडीच मारावी लागे. तो चौकटीपाशी आला, फळीवर हाताचा पंजा टेकवून उभा राहिला आणि एका नजरेने तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, गिऱ्हाईक दुकानात शिरताच बघावं तसं. गळ्यातली टेप छातीवर लोंबत होती. तपासनिसाला वाटलं, आता हा टेप काढणार. काढावी, असंही क्षणभर वाटलं.

"वाळली म्हणायची तुमची सासू," शिंपी म्हणाला.

तपासनीस टेपेकडेच बघत होता.

"वय झालं की वाळतं माणूस. आमचे वडीलही शेवटी असेच." त्याने हात काढला. तळव्याला लाल रंग लागला होता. तो त्याने आपल्याच भिंतीला पुसला, नळांच्या शेजारी. "चौथा मजला काढायचा म्हणतोय, साहेब. धाकट्याचं लग्न ठरतंय. गोल पडला की बरं होईल." एवढं बोलून तो पुन्हा उंबऱ्यावर चढला आणि आत जाऊन मशीनवर बसला. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. लंबूने गल्लीच्या तोंडाशी जाऊन पांढरा गोल काढला, चांगला मोठा, हात आखडता न घेता.

बायको दारात आली. किती दिवसांनी तिने केस नीट विंचरले होते. खुर्ची उताराच्या टोकाशी आणून ती क्षणभर थांबली, खालच्या ओल्या लाल ठिपक्यांकडे पाहिलं, मग सरसर खाली आली आणि त्याच्याशेजारी थांबली. गल्लीच्या तोंडाशी भाजीवालीने तिला पाहून हात वर केला. तिने हात केला नाही. ती मान वर करून मजल्यांकडे बघत होती, जाळ्यांकडे, एकमेकांत गुंतलेल्या वायरींकडे, जिथे पूर्वी आकाश होतं तिथे.

"आता गाडी येईल ना हो इथपर्यंत?"

"येईल."

"मग एकदा खरी आणून दाखवा ना. रिकामी, नुसती. मला बघायचीय."

"आणू की," तो म्हणाला. "आणू एकदा."

तिने मान जराशी जिन्याकडे वळवली, नाकपुड्या फुगल्या. "आज वास जास्त येतोय," ती म्हणाली. "तुम्हाला नाही येत?"

त्याने डोळे मिटले आणि जोराने श्वास घेतला. त्याच्या हातांना, कपड्यांना, सगळ्या गल्लीलाच ओल्या रंगाचा वास येत होता. त्याने पुन्हा श्वास घेतला. दुसरा कसलाच वास त्याला आला नाही.